चाचींच्या थर्मासातली पेज

चुकलेलं गणित आम्रपाली सिस्टरला सुखाने जेवू देत नसे. तिची आई हौसा दुसऱ्यांच्या बागेत आंबे वेचायची. करंडीतले आंबे मोजत मोजतच ही पोरगी आकडे शिकली आणि घरातली पहिली नर्स झाली. रत्नागिरीच्या इस्पितळात लागून तिला आता तीन वर्षं झाली होती.

चार नंबरच्या खाटेवर पूर्णगडचे इद्रीसचाचा होते. चाळीस वर्षं ते मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. आता हृदय थकलं होतं आणि अंगात पाणी साठलं होतं. पाय खांबासारखे सुजलेले. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून बारा दिवस उशांना टेकून बसल्या बसल्याच झोप. पाणी लघवीवाटे निघून जावं म्हणून शिरेतून लॅसिक्सचं इंजेक्शन चालू होतं. घाईने दिलं तर कानात आवाज होतो, म्हणून आम्रपाली ते घड्याळाकडे बघत सावकाश द्यायची. लघवीही भरपूर होत होती. तरी तीन दिवस काटा चौऱ्याहत्तर किलोवरून हलेना.

डॉक्टर तेजल म्हणाल्या, उद्यापर्यंत फरक पडला नाही तर कोल्हापूरला पाठवू. जाता जाता हेही सांगून गेल्या की, सिस्टर, तुमच्या नोंदी एकदा तपासा.

चाचांनी बायकोचा, जन्नतचाचींचा हात घट्ट धरला. आपला थोरला भाऊ असाच घाट चढून गेला तो परत आला नाही, एवढंच ते बोलले.

आम्रपालीने नोंदी पुन्हा पाहिल्या. रोज पोटात नऊशे मिली, बाहेर एकवीसशे. म्हणजे दिवसाला किलोभर तरी उतरायला हवं. काटा खरा होता, मापही खरं होतं. मग पाणी येत होतं कुठून?

सकाळी सातला चाची थर्मास घेऊन आल्या. आम्रपालीने त्यात काय आहे म्हणून विचारलं, तर त्याच रागावल्या. नेमून दिलेल्या पाण्यापेक्षा थेंबभर जास्त देत नाही म्हणाल्या.

"मग हे काय, चाची?"

"पेज. पेजेला पाणी कोण म्हणतो, बाय? ती न्याहारी."

आम्रपालीला हसावं की रडावं कळेना. तिच्या घरीही पेज जेवणातच धरत. तिने थर्मास मापाच्या भांड्यात ओतला. सातशे मिली. संध्याकाळीही तेवढीच असे. वर पाणी धरून ठेवणारं मीठ, आणि तोंडी लावायला सुका बांगडा. तीन दिवसांचं गणित एका भांड्यात सापडलं.

"चाचा, आम्ही बोटीतलं पाणी उपसतोय आणि चाची मागनं ओततायत."

तांडेलाला दुसरं वाक्य लागलं नाही. "बोट माझी आणि भोक माझ्याच घरचं," ते बायकोला म्हणाले, आणि खोकत खोकत हसले.

राउंडला आम्रपाली ते भांडं हातात घेऊनच उभी राहिली. डॉक्टरांनी आधी भांड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. नोंदींबद्दल बोलले ते मागे घेते म्हणाल्या आणि कोल्हापूरचा कागद बाजूला ठेवला.

इंजेक्शन तेच, मात्राही तीच. फक्त पेज आणि मीठ बंद. दुसऱ्या दिवशी त्र्याहत्तर, मग एकाहत्तर. पाचव्या सकाळी काटा अडुसष्टावर आला. त्याच रात्री चाचा सपाट आडवे झाले आणि असे घोरले की शेजारच्यांनी सिस्टरकडे तक्रार केली. आम्रपालीने ती तक्रार खुशीने ऐकून घेतली.

घरी जाताना त्यांनी चाकाची खुर्ची परत पाठवली. चपला आता पायात बसत होत्या. दाराजवळच्या खाटेवर केळशीहून आलेला नवा पेशंट होता. त्याची बायको डबा उघडत होती. इद्रीसचाचा थांबले.

"पेज मोजलीस काय, बाय?"