मिनिटभर थांबणारा

माझे मोठे दीर आणि आमचे हे, दोघे मिळून ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचे. दुरुस्त झालेली बंदूक मागच्या अंगणात गोळी न घालता, नुसती दारू ठासून उडवून बघायची. दारू पेटते ती तांब्याच्या चिमुकल्या टोपीने. या चाचणीला दीर मुद्दाम सर्दावलेल्या टोप्या काढायचे. "चांगल्या टोप्या गिऱ्हाइकाला, घरात काहीही चालतं," हे त्यांचं ठरलेलं.

सर्दावलेल्या टोपीने दारू कधी कधी रेंगाळत पेटते. म्हणून चाप ओढूनही बार उडाला नाही, की हे बंदूक भिंतीकडे रोखून मिनिटभर तसेच उभे राहायचे. दीर गिऱ्हाइकांना हाक मारायचे, "या, आमचा पुतळा बघा." सगळे पोट धरून हसायचे. मी त्यांचे चहाचे कप गोळा करत असायची.

एकदा असाच बार अडला, तेव्हा दिरांनी यांच्या हातातून बंदूक हिसकावली. "आण इकडे, भित्र्या," म्हणत नळी स्वतःकडे वळवून आत डोकावले. बार नेमका तेव्हा उडाला.

दोन्ही डोळे गेले, बोटं भाजून आखडली. जाऊबाई माहेरी निघून गेल्या, त्यामुळे भरवायचं काम यांच्याकडे आलं.

हे घास दिरांच्या ओठांजवळ नेतात आणि तिथेच धरून ठेवतात. दीर आ वासून बसतात.

"दे की."

"थांब दादा. मिनिट होऊ दे."

दुकानात गिऱ्हाईक असलं, तर मी त्यालाही आत बोलावते.