स्टेजवरची आई

अंधांच्या संस्थेच्या कारखान्यात तिला सगळे थोरली म्हणत. वसतिगृहात आली तेव्हा मुलींमध्ये तीच वयानं मोठी होती. तेव्हा चिकटलेलं नाव पुढं तिच्याहून मोठ्या बायका आल्या तरी सुटलं नाही. तिचं काम खुर्च्यांचं. वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजवायच्या, चौकटीच्या भोकांतून ओवायच्या, ताण धरायचा आणि बैठकीची जाळी विणायची. या कामानं तिची बोटं इतकी राठ झाली की ब्रेलचे ठिपके तिला लागेनासे झाले. "शाळेनं शिकवलेलं खुर्चीनं पुसून टाकलं," असं ती हसत सांगायची.

शेजारच्या बाकावर ब्रश बांधणारा एक जण बसायचा. त्याचं नाव पडलं होतं रेडिओ, कारण सकाळी सुरू झालेलं त्याचं तोंड कारखान्याला कुलूप लागल्यावरच बंद व्हायचं. दोघांचं बरं जमायचं. तो बोलायचा, ती विणायची.

थोरलीचे डोळे लहानपणी गोवरात गेले. वडील त्याआधीच वारले होते. आई एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. तिनं मुलीला पाठुंगळी घेऊन शहरातले दवाखाने पालथे घातले. कुणी थेंब दिले, कुणी आशा दिली. शेवटी एका डॉक्टरनं सरळ सांगितलं, "बाई, आता औषधं पुरे झाली. हिला शिकवा." तेव्हा आईनं तिला संस्थेच्या शाळेत घातलं. वसतिगृहाच्या दारात दोघीही रडल्या, आणि पहिल्याच रविवारी आई भेटायला हजर झाली. कामाची पाळी असली तर कुणाशी तरी बदलून घ्यायची, पण रविवार चुकवायची नाही. मुलीचे केस धुवायची, नखं कापायची, धुलाईखान्यातल्या बायकांच्या भांडणांचे किस्से रंगवून सांगायची. मुलगी कमवायला लागल्यावरही रविवार सुटला नाही. दोघी कारखान्याच्या पायरीवर बसून चहा प्यायच्या.

संस्था देणग्यांवर चालायची. वर्षातून एकदा मोठ्या सभागृहात मदतीसाठी कार्यक्रम व्हायचा. शाळेतली मुलं गायची, रेडिओ पशुपक्ष्यांच्या नकला करायचा, बाहेर ब्रश आणि टोपल्या विकायला मांडलेल्या असायच्या. शेवटी संस्थेतलं कुणीतरी उभं राहून आपली कहाणी सांगायचं, आणि मग दाराशी देणगीचे डबे फिरायचे. वर्षानुवर्षं कहाणी सांगणारे एक म्हातारे गृहस्थ वारले, तेव्हा संस्थेच्या चिटणिसांनी थोरलीला उभं केलं.

पहिल्या वर्षी तिनं जे होतं ते सांगितलं. गोवर, दवाखाने, शाळा, आईचे रविवार. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि डब्यांत सुट्टी नाणी टाकून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी चिटणीस तिच्या बाकाशी आले. "थोरले, छान बोललीस. तिथंच घोटाळा झाला."

"म्हणजे?"

"छान ऐकून लोक छान झोपतात. कारखान्याचं छप्पर गळतंय, वेत कुजतोय, वरचा पत्रा कधी कुणाच्या डोक्यात येईल सांगता येत नाही. माणसाचा हात खिशात जायचा तर आधी डोळ्यांत पाणी यावं लागतं."

"मग काय सांगू?"

चिटणिसांनी आवाज खाली केला. "आई तुला दारात सोडून गेली, असं सांग. परत आलीच नाही म्हणावं."

"अहो, ती दर रविवारी येते!"

"ते तुला ठाऊक, मला ठाऊक. सभागृहातल्यांना यंदाचं पुढच्या वर्षी आठवणारही नाही. आणि तुझी आई काही असल्या ठिकाणी यायची नाही."

चिटणीस वाईट नव्हते. संस्थेसाठी दारोदार फिरून त्यांच्या चपला झिजल्या होत्या, आणि कित्येक महिने त्यांनी स्वतःचा पगारही उचलला नव्हता. थोरलीनं रेडिओला विचारलं. तो म्हणाला, "मी स्टेजवर कोंबडा होतो, म्हणून काय घरी जाऊन दाणे टिपतो? कार्यक्रम तो कार्यक्रम."

पुढच्या वर्षी ती तसं बोलली. आवाज अडखळला, तर लोकांना वाटलं, हुंदका आवरतेय. बोलता बोलता तिला एक वाक्य आपोआप सुचलं. "आईची पावलं लांब गेली. मला वाटलं, पाणी आणायला गेली असेल." सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज आले. त्या वर्षी छप्पर बदललं.

मग ते दरवर्षीचंच झालं. शाळांमध्ये, बँकेच्या समारंभात, व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात तिला बोलावणी येऊ लागली. आणि खोटं कशाला सांगायचं, तिलाही ते आवडू लागलं. दिवसभर मान खाली घालून जाळी विणणाऱ्या बाईपुढं भरलेलं सभागृह श्वास रोखून बसतं, ही नशा वेगळीच असते. ती गोष्टीत भर घालत गेली. दारातली थंड फरशी आली, आईनं सोडवून घेतलेला हात आला. रविवारी मात्र तीच आई चहाचा पेला तिच्या हातात द्यायची, आणि थोरली कार्यक्रमाचा विषय निघू द्यायची नाही.

मग एका वर्तमानपत्रानं तिची कहाणी फोटोसकट छापली. आईला वाचता येत नव्हतं. पण धुलाईखान्यातल्या बायका त्या मुलीला ओळखत होत्या. कधीकाळी आईनंच कौतुकानं तिचा फोटो सगळ्यांना दाखवला होता.

त्या रविवारी आई आली, पण किस्से सांगितले नाहीत. चहा संपल्यावर तिनं विचारलं, "तू त्या कार्यक्रमात काय बोलतेस गं?"

"काही नाही. संस्थेबद्दल सांगते."

"बरं," आई म्हणाली.

त्यानंतरच्या कार्यक्रमाला आई आली. कुणालाही न सांगता शेवटच्या रांगेत बसली. थोरलीनं नेहमीची कहाणी सांगितली, नेहमीसारखे हुंदके उमटले. कार्यक्रम संपल्यावर देणगीदार तिच्याभोवती जमले. एका श्रीमंत बाईनं तिचे दोन्ही हात धरले होते. तेवढ्यात बाजूनं ओळखीचा आवाज आला, "बाळ, चल. तुला वसतिगृहावर सोडते."

"तुम्ही कोण?" श्रीमंत बाईनं विचारलं.

"मी हिची आई."

मग ती बाई कडाडली, "आई? आता उगवलात? पोर कमवायला लागली, नाव झालं, तेव्हा आठवण झाली होय? काही लाज?"

चिटणीस घसा खाकरून बाजूला सरले. थोरलीनं तोंड उघडलं. "ही खोटं बोलत नाही, मी बोलले," एवढंच म्हणायचं होतं.

आई म्हणाली, "चुकलं माझं, बाई. तेव्हा अक्कल नव्हती. तुम्ही सगळ्यांनी पोरीला सांभाळलंत. असंच सांभाळत जा."

श्रीमंत बाई रडायलाच लागली. तिनं तिथल्या तिथं देणगीचा आकडा दुप्पट केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोघी वसतिगृहाच्या रस्त्याला लागल्या. थोरलीनं विचारलं, "तू असं का म्हणालीस?"

"मग काय म्हणू? माझी पोरगी थापा मारते, असं सांगू चारचौघांत?" आईच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "छप्पर याच पैशांतून झालं म्हणे."

"हो."

"मग झालं तर." थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "पाणी आणायला गेली असेल म्हणालीस ना, तेव्हा मलाही रडू आलं. त्या पोरीची फार दया आली गं."

आई त्यानंतरही रविवारी येत राहिली, पण बसायची कमी. मग खोकला सुरू झाला, मग एक रविवार चुकला, मग पुढचेही. ज्या रुग्णालयाच्या चादरी तिनं उभा जन्म धुतल्या, त्याच रुग्णालयाच्या चादरीवर ती गेली. निरोप पोहोचून थोरली खाटेशी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

शेवटच्या निरोपाला धुलाईखान्यातून एकच बाई आली. इस्त्रीच्या मोठ्या रुळावर चादरीचं एक टोक आईनं धरायचं आणि दुसरं हिनं, अशी वर्षानुवर्षांची जोडीदारीण. सगळं झाल्यावर ती थोरलीजवळ येऊन उभी राहिली.

"राग मानू नकोस, बाकीच्या आल्या नाहीत. पेपरात आलं तेव्हापासून तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. रविवारी तुझ्याकडे जाते म्हणायची, तेही मग कुणाला खरं वाटेना. डबा घेऊन एकटीच कोपऱ्यात बसायची. मीसुद्धा कामापुरतंच बोलायचे. एकदा मी तोंडावर विचारलं, हे खरं का? तर म्हणाली, माझी मुलगी सांगते म्हणजे खरंच असेल."

"ते खोटं होतं," थोरली म्हणाली. "ती मला सोडून कधीच गेली नाही."

"मग हे आधी सांगायचंस ना, पोरी," एवढंच म्हणून जोडीदारीण निघून गेली.

त्या वर्षीच्या कार्यक्रमात थोरली उभी राहिली आणि म्हणाली, "इतकी वर्षं मी तुम्हाला जी गोष्ट सांगितली ती खोटी आहे." मग तिनं रविवार सांगितले, केस धुणं सांगितलं, पायरीवरचा चहा सांगितला. कुणी रडलं नाही. खुर्च्या सरकल्या, माणसं उठून जाऊ लागली. "आम्हाला बनवलंत की!" असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. श्रीमंत बाईनं देणगी थांबवली, तिच्या मागोमाग इतरांनीही. वर्तमानपत्रात पुन्हा छापून आलं, या वेळी मथळा संस्थेच्या फसवणुकीचा.

ब्रशचा विभाग बंद करावा लागला. चिटणीस आरडाओरडा करत आले नाहीत. तिच्या बाकाशी उभे राहून म्हणाले, "आई तर गेलीच होती, थोरले. मग आता कुणासाठी सांगितलंस?"

रेडिओ सामान आवरायला आला त्या दिवशी त्याचं तोंड प्रथमच बंद होतं. जाताना मात्र म्हणाला, "तुझ्या जिवाचं ओझं उतरलं, ते माझ्या चुलीवर ठेवलंस."

"मला ब्रशचा विचारच सुचला नाही रे."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला आणि काठी टेकत गेला. पुढं तो कुठं गेला, काय करतो, तिला कळलं नाही. कुणी सांगितलंही नाही, कारण कारखान्यात आता तिच्याशी कामापुरतंच बोलणं उरलं होतं.

एका रविवारी ती विचारत विचारत धुलाईखान्यात गेली. आत वाफ होती, सोड्याचा उग्र वास होता आणि यंत्रांची घरघर होती. जोडीदारिणीनं तिचा दंड धरून तिला मधल्या वाटेत उभं केलं आणि बायकांना हाका मारल्या. यंत्रं मध्येच बंद करता येत नव्हती. त्यामुळं थोरलीला ओरडून सांगावं लागलं, की माझी आई मला सोडून गेली नव्हती, ती दर रविवारी यायची, मी खोटं बोलले. काहींनी हातातलं काम थांबवलं. काहींना ऐकूच गेलं नाही, तेव्हा तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मग एक वयस्कर बाई म्हणाली, "ऐकलं आम्ही. जा आता, आणि जपून जा, फरशी ओली आहे."