आण्णांच्या छातीतली गाठ

न्हाई आण्णा, मला आज बी पटत न्हाई.
तुम्हाला भूकंपानं न्हाई मारलं.

वर्ष झालं तुम्हाला जाऊन, तरी गावात तेच चाललंय. "किल्लारीच्या वक्ताला माळवद पडलं होतं त्याच्या छातीवर. तेच दुखणं वर आलं."
तुम्हीच शिकवलंय लोकांना हे.

आमच्या गावात जुन्या माणसांच्या अंगावर भूकंपाची एक तरी खूण हाय. कुणाचा पाय, कुणाची पाठ. तुमची छाती.
डाव्या बोंडाखाली वाटाण्याएवढी गाठ आली, तुम्ही ती बी भूकंपाच्याच खात्यात टाकली.

तेव्हा लातूरला क्लासेसच्या गल्लीत तुमची मेस होती. डॉक्टर व्हायला आलेली पोरं ताटाशेजारी बायोलॉजी उघडी ठेवून जेवायची.
आई म्हणायची, "एखाद्या डाक्टरला दाखवा की."
"एवढे डाक्टर रोज पोसतोय. अजून कुठला पाहिजे?"
सगळी मेस हसायची.

मग बोंड आत ओढलं गेलं. बनियनवर डाग पडाय लागले. तुम्ही म्हणायचे, आमटी सांडली.
मेसवाल्याला ते सोपं.

शेवटी आईनं धरून नेलं. डॉक्टरबाईंनी छाती बघितली, काख चाचपली. म्हणल्या, "मॅमोग्राफी, सोनोग्राफी करा. मग सुईनं तुकडा काढून तपासू."
"मॅडम, ते बायकांचं असतंय."
"स्तन पुरुषाला पण असतो, काका. थोडाच असतो, पण कॅन्सरला तेवढा पुरतो."

मॅमोग्राफीच्या बाकड्यावर सगळ्या बायाच. शेजारणीनं विचारलं, "पेशंट कोण हाय?"
तुम्ही आईकडं बोट केलं.
आतून तुमच्या नावाचा पुकारा झाला, तरी तुम्ही बसूनच.
आई ओरडली, "उठा की! माझं नाव दत्तात्रय हाय का?"
बाकडं हसलं. तुम्ही उठले.

रिपोर्ट आला. कॅन्सर काखेपर्यंत गेलेला.
ऑपरेशन झालं. केमो झाली. रोजची हार्मोनची गोळी सुरू झाली. तुम्ही सगळं सोसलं, एक दिवस कण्हले न्हाईत.
पण मेसच्या पोरांना सांगितलं, हार्टचं ऑपरेशन. गावात सांगितलं, भूकंपाचं.
पुढं कॅन्सर हाडात उतरला.

डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "भाऊ, बहिणी, मुलं, सगळ्यांना सांगा. हा काही घराण्यांत उतरतो."
तुम्ही कुणालाच न्हाई सांगितलं.

म्हणून मी सांगतोय. इथं, पोस्टमध्ये, तुमच्या फोटोखाली, सगळ्यांसमोर.
माझे वडील स्तनाच्या कॅन्सरनं गेले.
ज्याला हसायचंय त्यानं हसून घ्या.

मी आठवी नापास. मस्कतला टाइल बसवतो. पण सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात जाऊन शर्ट काढला अन् म्हणलं, बघा. काही निघालं न्हाई. आता आंघोळीला गेलो की स्वतः चाचपतो.

परवा बापूकाकांना व्हिडिओ कॉल केला. आण्णांचे धाकटे भाऊ. गरमीनं उघडेच बसलेले.
"काका, उजवं बोंड आत का गेलंय?"
"आरं, भूकंपात मला बी मुका मार..."
"काका, भूकंपात तुम्ही सोलापूरला मिलवर होता."

काकांनी टॉवेल छातीवर ओढला.
मग म्हणाले, "आता ह्या वयात बायांच्या लाइनीत बसू का?"
"बसा. आई येती संगं. तिला लाइन माहीत हाय."

हे वाचून काका चिडतील. चिडू द्या. जिता माणूस चिडतो.

मित्रांनो, खाली नुसते जोडलेले हात टाकू नका. घरी फोन करा. बापाला, भावाला म्हणा, छाती चाचपून बघा. गाठ लागली तर दुखायची वाट बघू नका.

आण्णा, तुम्ही लई कष्ट केले. आता निवांत राहा. पुढचं मी बघतो.

बापूकाका, सोमवारी सकाळच्या जीपनं लातूर. तपासण्या, सुई, भाडं, सगळं धरून आईच्या खात्यावर टाकलेत.

बारा हजार.