झाराची झारी

आमच्या शेजारीणबाई मेलबर्नच्या एका युनिव्हर्सिटीत रशियाचा आर्थिक इतिहास शिकवतात. कुठल्याही समारंभाचं कौतुक ऐकलं की त्या हमखास विचारतात, "ते ठीक, पण धान्य कुठून आलं?"

परवा मंडळात त्या भूदासांना मुक्त करणाऱ्या झाराच्या पहिल्या वर्षांवर बोलत होत्या. अध्यक्ष मध्येच म्हणाले, "ताई, राज्याभिषेक रंगवून सांगा. अर्थव्यवस्था राहू दे, जेवणं खोळंबलीत."

"त्या झाराच्या झारीतही असेच शुक्राचार्य बसले होते," बाई शांतपणे म्हणाल्या. "जमीनदार! वरून सुटका ओतली, खाली थेंब आले."

अध्यक्षांनी माइक काढून घेतला. लोक उठू लागले. बाईंनी आवाज चढवला, "मुक्त झालेले शेतकरी पुढे जन्मभर जमिनीचे हप्ते भरत राहिले!"

हप्ते म्हटल्यावर ग्लेन वेव्हर्ली उपनगरात घर घेतलेले आम्ही सगळे मुकाट्याने खाली बसलो.