ताट झाकून ठेवणारी माणसं

कुकरची शिट्टी होत होती, ह्यांना एक मोजा सापडत नव्हता आणि सासूबाई बाहेरच्या खोलीतून ‘दूध बघ गं’ म्हणून बजावत होत्या. तेवढ्यात दार वाजलं.

दारात आमचा नळवाला. तीनतीनदा निरोप धाडल्याशिवाय न उगवणारा हा माणूस आज न बोलावता आला होता.

“वहिनी, बाथरूमचा नळ गळतोय का?”

“नाही हो.”

“बेसिनचा?”

“तोही नाही.”

“गळेल. बघून ठेवतो.”

“आज कुणीकडे उजाडलं म्हणायचं?” सासूबाई म्हणाल्या. तो कसनुसा हसला आणि बेसिनखाली शिरला. पाना दोनदा हातातून निसटला. मी चहा ठेवला आणि काय झालं म्हणून विचारलं. बाहेर न येताच तो बोलू लागला.

आई गेल्यावर तो मामाकडे वाढला. मामा वाईट नव्हता, मामीनं कधी उपाशी ठेवलं नाही. पण तो घरी आला काय, न आला काय, कुणाचं काही अडत नसे. मग नाक्यावरची पोरं भेटली. त्यांच्यात वयानं लहान म्हणून ‘धाकटा’. एकदा जेवायला पोचायला उशीर झाला, तर त्यांनी आईबहिणीवरून शिव्या घातल्या. कारण सगळे उपाशी बसले होते. ताटं झाकलेली. सगळे आल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही, हा टोळीचा नियम.

“शिव्या खात होतो आणि आतून बरं वाटत होतं,” तो म्हणाला. “माझ्यावाचून कुणी अडून बसलंय, हे पहिल्यांदाच.”

“आणि मारामाऱ्या?”

“भीती वाटायची. पण तसं म्हटलं असतं तर ताट कुणी झाकलं असतं?”

एका दुकानदाराचं डोकं फुटलं. मारणारा दुसराच. पोलीस आले तेव्हा टोळीच्या थोरल्यानं नुसतं सगळ्यांकडे पाहिलं. ह्याला कुणी ढकललं नाही, धमकावलं नाही. ह्यानं आपणहून हात वर केला. आत होता तेवढ्या काळात त्यांतलं कुणी भेटायला फिरकलं नाही. आला तो मामा, तोही केळी घेऊन, आणि वेळ संपेपर्यंत बसून गेला.

“मग आता त्यांचं काय?” मी विचारलं.

“दुसऱ्या एका प्रकरणात आत गेलेला थोरला आज सुटतोय. दुपारी सगळे जेवायला बसणार. निरोप आलाय, धाकटा आल्याशिवाय सुरू करणार नाही.”

“सगळं कळतं ना तुम्हाला?”

“कळतं हो. कळून पाय थांबतात होय?”

मी चहा गाळून कप त्याच्यासाठी ठेवला.

तो बाहेर आला, हात पुसले. बायकोनं निक्षून सांगितलं होतं, तिकडे गेलात तर मी लेकीला घेऊन निघाले. पण ती संध्याकाळपर्यंत कामावर, पोरगी शाळेत. रिकाम्या घरी दारावरून हाक आली तर आपण उठू, हे तो स्वतःला ओळखून होता.

“वहिनी,” तो म्हणाला, “बायको कामावरून येईपर्यंत मला इथे बसू द्या.”