बियाचा दोडका

लातूर नवा जिल्हा झाला आणि माझ्या नवऱ्याची बदली तिथल्या कचेरीत झाली. लोकांना केवढं कौतुक! मला काडीचं नव्हतं. माझं माहेर अर्धापूर. कालव्याच्या पाण्यावरच्या केळी बघत वाढलेली मी, आणि इथं आठवड्यातून एकदा टँकर. भाड्याच्या घरामागं चार पावलं जागा, तीही मुरमाड.

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. दुष्काळात औशाकडचं गाव सोडून त्या आमच्याकडं आल्या, त्या पदराच्या गाठीत दोडक्याचं बी बांधून. त्यांच्या आईच्या हातचं वाण ते. गावातल्या विहिरी आटल्या, वेल जळाले, भावाच्या घरीसुद्धा एक बी उरलं नव्हतं. होत्या नव्हत्या त्या पाच बिया आत्यांच्या गाठीत. "एवढ्या गेल्या की संपलं बघ," असं रोज ऐकवायच्या. मला कंटाळा यायचा. दोडका तो दोडका, त्यात काय मेलं एवढं!

पाचांतल्या तीन उगवल्या. एका वेलाची लाल भुंगेऱ्यांनी चाळण केली, एक उन्हानं करपला. उरलेल्याला आत्या भांडी विसळलेलं पाणी घालायच्या. पानांवर पाणी शिंपडून चुलीतली राख टाकायच्या, म्हणजे भुंगेरे बसत नाहीत. दुपारी वर जुनं लुगडं बांधायच्या. एवढं करून धरलेलं फळ माशी लागून सडायचं. शेवटी एकच दोडका मोठा झाला. आत्या त्याला हातसुद्धा लावू देईनात.

त्या दिवशी टँकर आला. आत्या घागर घेऊन रांगेत गेल्या आणि इकडं त्यांचा भाऊ दारात! कचेरीत काही काम होतं म्हणे. घरात डाळीशिवाय काही नाही, आणि नवऱ्याच्या मामांपुढं नुसतं वरण कसं वाढायचं? मी मागं गेले आणि दोडका तोडून आणला. बी फेकलं नाही हं! एकेक वेचून ताटलीत उन्हाला ठेवलं. स्वतःवर खूशसुद्धा झाले. केळीला बी नसतं, कंद लावायचा, एवढीच माझी शेती. दोडका वेलावरच वाळून खडखडायला लागला की मग आतलं बी पिकतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आत्यांना वाटलं असेल, हे काय सांगायचं असतं?

मामा पोटभर जेवत होते. तेवढ्यात आत्या आल्या. घागर खाली ठेवून त्यांनी आधी ताटाकडं बघितलं, मग उन्हातल्या ताटलीकडं. बिया पांढऱ्या, मऊ, नखानं दाबलं तर फुटतील अशा.

"आक्का, लई दिवसांनी घरचा दोडका खाल्ला," मामा म्हणाले. "थोडं बी दे की. कचेरीचं निमित्त, आलो त्याच्यासाठीच."

"पुढच्या खेपेला देते," आत्या म्हणाल्या आणि त्यांना आणखी भाजी वाढली. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मामा गेल्यावर त्यांनी मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मीही दोन उलट बोलले असते आणि मोकळी झाले असते. पण त्यांनी ती ताटली तेवढी उचलून आत नेली. आठवडाभरात तो वेलही वाळला. आत्यांनी त्या कच्च्या बिया राखेत घोळून ठेवल्या आणि मग भिंतीकडेला लावल्या. आपल्या प्यायच्या पाण्यातलं अर्धं फुलपात्र रोज तिथं ओतायच्या. पंधरा दिवस झाले, महिना झाला, मातीला तडासुद्धा जाईना. त्यांचे ओठ फुटलेले बघून एक दिवस मी भडकलेच.

"आत्या, उगवणार नाही ते! प्यायचं पाणी मातीत कशाला घालताय?"

"उगवत न्हाई, ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "पर आईचं हाय ते. तहानलेलं कसं ठिवू?"