भरदुपारी शटर ओढणारा

चोपड्याच्या बाजारात बॅटऱ्या विकणारा तो दुकानदार भरदुपारीही शटर खाली ओढायचा. अंधारात दाखवल्याशिवाय बॅटरी द्यायची नाही, हा त्याचा नेम. बाहेरचं गिऱ्हाईक ओरडायचं, "भाऊ, झोपला का?" तो आतूनच म्हणायचा, "तू झोप, मी उठाडसू."

सातवीत शाळा सोडून मी कोकणातून इथं केळीच्या बागेत कामाला आलो होतो. वीज रात्रीची, म्हणून पाणीही रात्रीच भरायचं, आणि मला सापाची फार भीती. लांब झोताची तीन सेलची बॅटरी मला आवडली. "चाल," तो म्हणाला. चाललो. समोरची भिंत लख्ख दिसली आणि पायाखाली काहीतरी मऊ आलं. मी किंचाळलो. सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता. त्यानंच टाकलेला.

"साप काय तठे भिंतवर ऱ्हास?" एवढंच म्हणाला. हसला मात्र नाही. पसरट उजेडाची, दोन सेलची स्वस्त बॅटरी त्यानं माझ्या हातात दिली.

पुढे सेल घ्यायला गेलो की तो आधी वाकून माझे पाय बघायचा. घर सोडल्यापासून अशी चौकशी कुणी केली नव्हती.

"दोन्ही पाय शेतस ना? मंग बठ," म्हणायचा, आणि स्टूल पुढे सरकवायचा.